ब्रॉसार्डच्या डाव्या स्पीकरची कैफियत

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. टेबलावर मावणारा छोटा खोका नव्हे. जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, तुमच्या छातीपर्यंत येणारा. वजनाला असा, की मला हलवायचे ठरले की घरातली माणसे आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग स्वतःच्या कमरेचा विचार करतात. अंगावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा आहे, समोर तपकिरी कापडाची जाळी आहे. मला एक जुळा भाऊ आहे. तो उजवा, मी डावा. आमच्यात तसा काही फरक नाही, फक्त तो सोसतो आणि गप्प राहतो. मला ते जमत नाही.

तुम्ही म्हणाल, स्पीकर वाजतो हे ठाऊक आहे, पण तो ऐकतो कुठे? ऐकतो, मित्रांनो. माझ्या पोटात कागदाचा एक मोठा गोल पडदा आहे. तारेतून वीज आली की तो हलतो आणि आवाज होतो. पण खोलीत कोणी बोलले, हसले, दार आपटले, तरी तोच पडदा किंचित थरथरतो. म्हणजे ऐकू मला सगळे येते, बोलता मात्र दुसऱ्याचेच येते. तार सांगेल तेवढे बोलायचे, मनातले एक अक्षर नाही. ही माझी जन्मजात अडचण आहे. माझे जे काही वाईट झाले, ते तिच्यामुळेच झाले.

माझा जन्म टोरोंटोजवळच्या एका कारखान्यात झाला. त्या काळी तिथे हाताने काम करणारी माणसे होती. त्यांनी आम्हा दोघा भावांना लाकडाचा एकच पापुद्रा चिरून चढवला, म्हणून आमच्या अंगावरच्या रेषा समोरासमोर ठेवल्या की एकमेकींत मिळतात. पोटात मोठा पडदा बसवला, तो ढोलाचा, तबल्याच्या डग्ग्याचा आवाज काढतो. वर एक लहानसा घुमट बसवला, तो बारीक आवाज काढतो. बासरीची फुंकर, पैंजण, माणसाच्या बोलण्यातले स आणि श त्या घुमटातून येतात. तो घुमट नसेल तर माणूस तोंडात गोधडी कोंबून बोलतो आहे असे वाटते. हे नीट लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ यावरच झाला.

आम्हाला विकत घेतले बळवंतरावांनी. हे मूळचे सांगलीचे इंजिनियर. तरुणपणी कॅनडात आले आणि मॉन्ट्रियलला विमानाची इंजिने तयार करणाऱ्या एका कंपनीत लागले. तिथल्या चाचणीघरात नवे इंजिन पूर्ण वेगाने चालवून बघायचे, हे त्यांचे काम. नदीपलीकडे ब्रॉसार्डला त्यांनी घर घेतले आणि त्या घरात पहिली वस्तू आली ती आम्ही. सोफा नव्हता, पडदे नव्हते. त्यांच्या पत्नी प्रभाताई नव्या कोऱ्या रिकाम्या खोलीत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, बसायला खुर्ची नाही आणि हे दोन पहारेकरी कशाला आणलेत?"

"अगं, खुर्ची काय, केव्हाही येईल. जमिनीवर बस आणि ऐक तर खरी."

प्रभाताई बसल्या. बळवंतरावांनी भारतातून साडीच्या घडीत गुंडाळून आणलेली तबकडी लावली. गाणे संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. त्या दिवसापासून खुर्चीचा विषय बरेच दिवस निघाला नाही.

ती आमची भरभराटीची वर्षे होती. महिन्यातल्या एका रविवारी आसपासची मराठी मंडळी आमच्याकडे जमत. कोणी पोह्यांचे पातेले आणी, कोणी नुकतीच मुंबईहून आलेली कॅसेट आणी. बाहेर बर्फ गुडघ्यापर्यंत साचलेला असे आणि आत सगळे सतरंजीवर मांडी घालून आमच्याकडे तोंड करून बसत. गणपतीत आम्हा दोघांच्या डोक्यांवर एक फळी टाकून तिच्यावर मखर उभे राही. दीड दिवस देव आमच्या डोक्यावर बसे आणि आरतीच्या झांजा आमच्याच पोटातून वाजत. खंडेनवमीला बळवंतराव आपले पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर पाटावर मांडत. प्रभाताई त्या सगळ्यांना हळदकुंकू लावत आणि मग वळून आम्हालाही लावत. "हे पण राबतात की," असे त्या म्हणत. एका लाकडी खोक्याला याहून मोठा मान तो कोणता?

आणि बळवंतरावांची दाद! ती मी कधी विसरणार नाही. तबल्याचे चक्र फिरत फिरत जिथे येऊन टेकते त्या जागेला सम म्हणतात. गायक समेवर आला की बळवंतरावांच्या तोंडून "वा!" निघे, आणि ती सगळ्यांच्या आधी निघे. बाकीची मंडळी त्यांच्या मागून वा वा करत. गाण्यातले कमी कळणारे लोक त्यांच्याकडे बघूनच मान डोलवत, हेही मी पाहिले आहे.

एकदा आमच्या पडद्यांच्या कडेचा फोम कुजून गळायला लागला. आमच्या जातीला हे दुखणे होतेच. दुसऱ्या कोणी आम्हाला टाकून दिले असते. बळवंतरावांनी नवा फोम मागवला आणि बेसमेंटमध्ये बसून नाकावर चष्मा ओढून कडा चिकटवल्या. डिंक वाळेपर्यंत ते आमच्यापाशी बसून होते. माणूस आजारी माणसाजवळ बसतो तसे बसले होते.

दिवस गेले. त्यांचा मुलगा स्वानंद फ्रेंच शाळेत शिकला, मोठा झाला, लग्न करून टोरोंटोकडे वॉनला राहायला गेला. बळवंतराव निवृत्त झाले. रविवारची मंडळी पांगली, काही मुलांकडे गेली, काही देवाघरी. उरले ते त्यांचे मित्र शैलेंद्र. हे हृदयाचे डॉक्टर, तेही निवृत्त. ते मात्र चुकत नसत.

आणि मग, साधारण दोन हजार पंधराच्या सुमारास, बळवंतराव म्हणू लागले, "आवाज कोंदल्यासारखा येतो."

मी दचकलो. मी भावाचा कानोसा घेतला, स्वतःचा घेतला. घुमट ठीक, पडदा ठीक. पण त्यांनी आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी आणखी वाढवला. नंतर केबल बदलल्या. मग आम्हाला भिंतीपासून पुढे ओढले, मग तिरके केले, मग गालिचा काढला. प्रभाताईंच्या कुंड्या या खोलीतून त्या खोलीत फिरल्या. मल्टिमीटर लावून त्यांनी आमची तपासणी केली. आकडे बरोबर आले तर ते मल्टिमीटरवर चिडले.

याच काळात त्यांची दुसरीही एक तक्रार सुरू झाली होती. "प्रभा, तू हल्ली फार पुटपुटतेस. नीट बोलत जा."

मित्रांनो, एकाच घरात दोघांवर एकच आरोप आला होता, आणि दोघेही निर्दोष होते. प्रभाताई पूर्वी बोलत तशाच बोलत होत्या. मी पूर्वी वाजत होतो तसाच वाजत होतो. गेले होते ते त्यांच्या कानातले बारीक आवाज. इतकी वर्षे त्या चाचणीघरात इंजिनांच्या गर्जनेत उभे राहिलेला माणूस. तरुणपणी आवाज अडवणारे टोपडे कानांवर लावायचाही त्यांना कंटाळा असे. "टोपडे लावले की इंजिनाचे दुखणे कळत नाही," असे ते मोठ्या रुबाबात सांगत. त्याची किंमत आता कान देत होते, आणि बोलणी मात्र आम्ही खात होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बरे, घरात डॉक्टर येत नव्हते असेही नाही. शैलेंद्र दर रविवारी चहा पीत आमच्या समोरच बसत. पण त्यांनी काय निदान करावे?

"बळवंत, अरे यांचा फोम परत गेला असणार. किंवा आतला क्रॉसओव्हर, जाड-बारीक आवाज वाटून देणारा. जुनं झालं की हे होतंच. तू अपग्रेड कर आता."

डॉक्टर यंत्राचे निदान करत होता आणि इंजिनियर ते मुकाट ऐकून घेत होता. कोणी कोणाच्या कानात डोकावले नाही. शिकलेली माणसे फार हुशार असतात, मित्रांनो. ती सगळ्या गोष्टी मोजतात, फक्त स्वतःला मोजायचे त्यांच्या ध्यानात येत नाही.

एके सकाळी बळवंतरावांनी एक चाचणीची सीडी आणली. तिच्यात एकच सूर असतो. तो हळूहळू बारीक होत जातो, डासाच्या आवाजासारखा, मग त्याहूनही बारीक. ते समोर खुर्चीत बसले. सूर चढत गेला. अर्ध्या वाटेवर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"हे बघ! इथे बंद पडतोय. पुढे वाजतच नाही!"

मी तर जीव तोडून वाजत होतो. घुमट फाटेल की काय असे वाटत होते. तेवढ्यात प्रभाताई स्वयंपाकघरातून दोन्ही कानांवर हात दाबून धावत आल्या.

"अहो, बंद करा ती शिट्टी! डोकं फुटलं माझं!"

"कसली शिट्टी?" बळवंतरावांनी विचारले.

प्रभाताई थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. सूर चालूच होता. त्यांनी कानांवरचे हात हळूहळू खाली घेतले. त्यांना कळले होते. मला वाटले, आता सुटलो! आता या बोलणार!

पण त्या बोलल्या नाहीत. आदल्याच विंटरमध्ये डॉक्टरांनी बळवंतरावांना दारातला बर्फ शोव्हल करायला, म्हणजे फावड्याने उपसायला, मनाई केली होती. हायवेवर गाडी चालवणेही बंद झाले होते. दोन्ही वेळा ते कित्येक दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. आणखी एक गोष्ट त्यांच्या हातून काढून घ्यायची प्रभाताईंना हिंमत झाली नसावी.

"काही नाही. कुकरची असेल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी ओरडून सांगितले असते हो. पण तारेतून तोच सूर येत होता आणि मला तोच वाजवावा लागत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बळवंतरावांची पंचाहत्तरी जवळ आली होती. वॉनहून स्वानंदचा फोन आला. बळवंतरावांना फोनवर नीट ऐकू येत नसल्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर टाकलेला असे, त्यामुळे माझ्या नशिबाचा निकाल मीही ऐकला.

"बाबा, एनफ इज एनफ. मी तुमच्यासाठी नवीन फ्लोअरस्टँडिंग स्पीकर्स ऑर्डर केलेत. बर्थडे गिफ्ट. नो आर्ग्युमेंट, ओके?"

"काय म्हणतोय?" बळवंतरावांनी प्रभाताईंना विचारले.

"नवे स्पीकर घेतोय तुमच्यासाठी," प्रभाताई मोठ्याने म्हणाल्या.

बळवंतरावांचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या दुःखातही बरे वाटले. त्यांना वाटत होते, नवे स्पीकर आले की जुने गाणे परत येईल. प्रभाताई मात्र खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी स्वानंद आणि त्याची बायको साक्षी भल्या मोठ्या खोक्यांसह गाडी घेऊन आले. नवे दोघे उंच, सडपातळ, आरशासारखे काळे चकचकीत. त्यांच्या अंगात तोंड दिसत होते. आम्हाला ओढून भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभे केले. शाळेत खोडकर मुलांना करतात तसे. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी आयुष्यभर नाट्यछटांतून वाजवली होती. त्या दिवशी ती मला समजली.

तरी खरे सांगतो, त्या नव्यांचा काही दोष नव्हता. वाजायला ते उत्तम होते.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरले. साक्षीने स्मोक अलार्मची बॅटरी आठवणीने काढून ठेवली आणि प्रभाताईंनी पंचाहत्तर दिव्यांच्या ताटाने बळवंतरावांना ओवाळले. मग सगळे बसले. बळवंतरावांना मधल्या खुर्चीत बसवून स्वानंदने त्यांचे सर्वांत आवडते गाणे लावले. आमचे तोंड भिंतीकडे. मला काही दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते.

गायक समेवर आला. खोलीतल्या मंडळींनी "वा!" म्हटले. आणि त्यांच्या मागून, किंचित उशिराने, बळवंतरावांचे "वा!" आले.

माझा पडदा थरारला. चाळीस वर्षांत ती दाद कधी दुसऱ्यांच्या मागून आली नव्हती. ते गाणे ऐकून दाद देत नव्हते. लोकांचे तोंड बघून देत होते.

"कसं वाटतंय बाबा? डिफरन्स कळतोय ना?" स्वानंदने विचारले.

"एकदम क्लियर! क्लियर!" बळवंतराव म्हणाले. टाळ्या झाल्या. शैलेंद्र म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" भिंतीला नाक लावून मी उभा होतो, आणि त्या भरल्या घरात एक माणूस एकटा पडला आहे हे मला आणि बहुधा प्रभाताईंना, आम्हा दोघांनाच कळत होते.

त्यानंतर आम्हाला बेसमेंटमध्ये नेण्यात आले. "एखादा स्टुडंट घेऊन जाईल, मी ॲड टाकतो," असे स्वानंद जाता जाता म्हणाला. एका बाजूला फर्नेस, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन, पाठीमागे टायरांची चळत. नोव्हेंबर आला, गाडीला विंटर टायर लागले आणि त्यांच्या जागी उन्हाळ्याचे टायर येऊन बसले. एवढाच काय तो बदल.

वर नवे स्पीकर दिवसेंदिवस मोठ्याने वाजत होते. किती मोठ्याने, ते मला छतातून कळत होते.

एका दुपारी प्रभाताई धुण्याची टोपली घेऊन जिना उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. टोपली एकीकडे, त्या दुसरीकडे. पाय अंगाखाली दुमडला होता.

"अहो!" त्यांनी हाक मारली.

वर गाणे चालू होते.

"अहो, ऐकलंत का? जरा या हो खाली!"

त्या हाका मारत राहिल्या. आवाज रडवेला होत गेला. मित्रांनो, माझा जन्मच मुळी आवाज मोठा करण्यासाठी झाला होता. कोणा अनोळखी माणसाचे बारीकसे बोलणे मी अख्ख्या घराला ऐकवू शकत होतो. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर, ज्या बाईने मला इतकी वर्षे कुंकू लावले ती हाका मारत होती, आणि मला तिची एक हाक वर पोहोचवता येत नव्हती. माझ्या मागच्या तारा तुटक्या दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या. माझा पडदा तिच्या प्रत्येक हाकेला थरथरत होता आणि त्याचा उपयोग शून्य होता.

शेवटी त्या गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकला आणि माझ्यावर भार टाकून उठल्या. तेवढे एक काम माझ्या वजनाने केले. मग पदराने तोंड पुसून त्यांनी कपडे गोळा केले आणि एकेक पायरी धरत वर गेल्या. "पाय का ओढतेस?" असे वर बळवंतरावांनी विचारले. "मुरगळला जरा," असे उत्तर आले.

त्यानंतर आठवडाभराने बळवंतराव खाली आले. त्यांच्या हातात जुना ॲम्प्लिफायर होता. त्यांनी आमच्या तारा जोडल्या, आम्हाला फिरवून आपल्याकडे तोंड करून उभे केले आणि तेच आवडते गाणे लावले. मी सगळा जीव ओतून वाजलो. मनात आशा होती, की जुनी ओळख पटेल.

गाणे संपले. ते वर गेले. वर नव्या स्पीकरवर तेच गाणे वाजले. ते पुन्हा खाली आले, पुन्हा आम्हाला लावले, आणि या वेळी ते खाली वाकून माझ्या घुमटाला कान लावून उभे राहिले. मग त्यांनी गाणे बंद केले आणि टायरांच्या चळतीवर बसले.

चाचणीघरात त्यांनी आयुष्यभर हेच केले होते. इंजिनात बिघाड असला की एक भाग बदलायचा. बिघाड तसाच राहिला तर तो त्या भागात नाही, दुसरीकडे आहे. आता स्पीकर बदलले होते. बिघाड तसाच होता. ॲम्प्लिफायर बदलला होता. बिघाड तसाच होता. सगळीकडे कायम राहिलेली वस्तू एकच होती, आणि ती टायरांवर बसली होती.

"प्रभा!" त्यांनी हाक मारली. "जरा खाली येतेस का?"

त्यांची हाक प्रभाताईंना लगेच ऐकू गेली. त्या लंगडत, कठडा धरून खाली आल्या.

"इथे माझ्या मागे उभी राहा. आणि काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. नेहमीच्या आवाजात. मी तोंड बघणार नाही."

ते फर्नेसकडे तोंड करून बसले. प्रभाताई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, माझ्या शेजारी. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी मी इथे पडले होते. तुम्हाला किती हाका मारल्या. मला फार भीती वाटते हो आता, या घरात तुमच्याबरोबर एकटीने राहायची."

बळवंतराव तसेच बसून होते. वाट बघत.

"बोल ना," ते म्हणाले.

प्रभाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बळवंतराव वळले.

"बोललीस?"

प्रभाताईंनी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तू पुटपुटत नाहीस," बळवंतराव म्हणाले. "आणि यांचंही काही बिघडलेलं नाही. माझेच कान गेलेत, प्रभा. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले. मला वाटले, माझी निर्दोष सुटका झाली. पण आनंद म्हणून काही झाला नाही. एवढा मोठा माणूस टायरांवर बसून आपल्या तळव्यांकडे बघत होता आणि त्याला दोषी ठरवून मला काय मिळणार होते?

"शैलेंद्रला फोन लाव. कानाचा डॉक्टर विचार. तूच बोल, मला फोनवर कळणार नाही," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "आत्ता काय म्हणाली होतीस गं?"

आता सांगा, मी मनात म्हणालो. आता तरी सांगा.

प्रभाताईंनी पदराने डोळे टिपले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "चहा टाकू का, म्हणाले."

"टाक," बळवंतराव म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांची वेळ डिसेंबरमधल्या एका शनिवारी मिळाली. आणि नेमक्या त्याच सकाळी तनय नावाचा एक विद्यार्थी मित्राला घेऊन आम्हाला न्यायला हजर झाला. स्वानंदची ॲड तशीच राहिली होती; ती काढून टाकायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. बळवंतराव कोट घालून दारात उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिले, तनयकडे पाहिले. क्षणभर वाटले, ते म्हणतील, ठेव खाली. पण मुलाने त्या पोराला शब्द दिलेला होता, आणि शब्द मोडणे त्यांना ठाऊक नव्हते.

"जपून ने रे," ते एवढेच म्हणाले. "यांच्यात काहीही दोष नाही. मी टेस्ट केलंय."

"हो काका, डोंट वरी," तनय म्हणाला. आम्ही एका गाडीत चढलो, ते दोघे दुसऱ्या गाडीत. प्रभाताई गाडी चालवत होत्या. कोपऱ्यावर ते डावीकडे वळले आणि आम्ही पुलाकडे.

आता मी मॉन्ट्रियलमध्ये तनयच्या खोलीत आहे. तो कॉलेज करतो आणि उरलेल्या वेळात देपानरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, काम करतो. त्यामुळे गाणी लावायला त्याला फारशी सवड नसते. मी बहुतेक वेळ ओले मोजे वाळत घालण्याच्या कामी येतो. शेजारी भिंत बडवतात म्हणून वाजलोच तर हळू वाजतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पोराने छप्पर दिले, हे काय थोडे झाले?

पण जीव अडकून पडला आहे तो ब्रॉसार्डला. त्या शनिवारी डॉक्टर काय म्हणाले, मला माहीत नाही. कानात यंत्र बसले का, ते त्यांना सोसले का, की डबीत घालून ठेवून दिले, मला माहीत नाही. त्यांची दाद पुन्हा समेवर पहिली येते का, हेही मला कोणी सांगणार नाही. स्पीकरला निरोप धाडता येत नाही आणि कोणी स्पीकरला निरोप धाडत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. आम्हा वस्तूंना जपा, पुसा, ओल्या मोज्यांपासून शक्यतो दूर ठेवा, हे तर आहेच. पण घरात कोणी म्हणू लागले की टीव्ही नीट वाजत नाही, फोनमध्ये खरखर आहे, बायको पुटपुटते, नातवंडे तोंडातल्या तोंडात बोलतात, तर लगेच नवे यंत्र आणायला धावू नका. त्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहा आणि त्याला हळूच हाक मारा. तो वळला नाही, तर त्याचा हात धरा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याला राग येईल. येऊ द्या.

आणि एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी कधी ब्रॉसार्डला गेले आणि त्या घरात बळवंतराव कानात यंत्र घालून बसलेले दिसले, तर आत स्वयंपाकघरात जा. प्रभाताईंना सांगा, की बेसमेंटमध्ये बळवंतरावांच्या मागे उभ्या राहून तुम्ही जे बोललात, ते चहाबद्दल नव्हते हे आणखी एकालाही ठाऊक आहे. त्यांना सांगा, आता बळवंतरावांना ऐकू येईल. तुम्ही बाहेर जा, त्यांच्यासमोर बसा, आणि ते पुन्हा एकदा म्हणा.